गुन्हा कंपनीचा, तुरुंग कोणाला?

कंपनी ही कायद्याच्या नजरेत एक स्वतंत्र व्यक्ती असते. ती जमीन विकत घेते, कर्ज काढते, दावे लावते आणि तिच्यावरही दावे लागतात. संचालक बदलले, भागधारक मरण पावले, तरी ती चालूच राहते. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1897 मध्ये सॉलोमन खटल्यात हे तत्त्व ठामपणे मांडले आणि पुढचा सारा उद्योगव्यवसाय त्याच पायावर वाढला. धंदा बुडाला तर भागधारकाचे नुकसान त्याने गुंतवलेल्या रकमेपुरते, त्याच्या घरादाराला धक्का नाही, या हमीमुळेच अनोळखी माणसांचे पैसे एकत्र येऊन रेल्वे, गिरण्या आणि रसायनांचे कारखाने उभे राहू शकले. दिवाणी व्यवहारात ही रचना उपयोगी आहे, फौजदारी कायद्यात मात्र ती अडते. गुन्हा ठरायला कृत्य लागते आणि बहुतेक गुन्ह्यांत त्या कृत्यामागे दोषी मन लागते. कंपनीला मन नसते आणि कोठडीत ठेवावे असे शरीरही नसते. तिला दंड केला तर तो भागधारकांच्या पैशातून भरला जातो. ज्याने निर्णय घेतला त्याला त्याची झळ क्वचितच लागते.

यातून दोन प्रश्न उभे राहतात. कंपनीला गुन्हेगार कसे ठरवायचे, हा पहिला. तिच्या नावामागे असलेल्या माणसांपैकी नेमके कोणाला आणि कशाच्या आधारावर शिक्षा करायची, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला न्यायालयांनी शंभर वर्षांत बऱ्यापैकी उत्तर शोधले आहे. दुसरा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि तो सुटलेला नसल्याची किंमत कामगारांनी, ठेवीदारांनी आणि कारखान्याशेजारच्या वस्त्यांनी मोजली आहे.

इंग्लंडमधल्या न्यायालयांनी काढलेली तोड अशी होती: कंपनीच्या शिखरावर बसून जे तिचा कारभार हाकतात त्यांचे मन म्हणजेच कंपनीचे मन. 1915 च्या लेनर्ड खटल्यात हा विचार आला आणि 1971 च्या टेस्को खटल्यात तो अगदी आखडून गेला. तिथे दुकानाच्या व्यवस्थापकाची चूक ही कंपनीची चूक नव्हे, कारण तो कंपनीचा मेंदू नाही, असे ठरले. याचा परिणाम 6 मार्च 1987 नंतर दिसला. ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही प्रवासी बोट बेल्जियमच्या झीब्रुगे बंदरातून पुढचे दरवाजे उघडे ठेवून निघाली आणि काही मिनिटांत उलटली. 193 माणसे गेली. दरवाजे बंद झाले की नाहीत हे कप्तानाला कळावे अशी साधी दिव्याची सोयही बोटीवर नव्हती, आणि ती मागणी खालच्या अधिकाऱ्यांनी आधी केलेली होती. चौकशीत कंपनीच्या वरपासून खालपर्यंतच्या बेफिकिरीवर बोट ठेवले गेले. तरीही 1990 मध्ये मनुष्यवधाचा खटला कोसळला, कारण सारा दोष एकवटलेला असा एकही वरिष्ठ माणूस दाखवता आला नाही. दोष अनेकांत विभागलेला होता आणि तसे विभागलेले तुकडे जोडायला कायदा तयार नव्हता.

या तत्त्वाखाली इंग्लंडमध्ये पहिल्यांदा दोषी ठरली ती एक छोटी कंपनी होती. लाइम बे इथे 1993 मध्ये समुद्रात नौकाविहाराला नेलेली चार शाळकरी मुले बुडाली. सहली नेणारी कंपनी इतकी लहान होती की तिचा व्यवस्थापकीय संचालक आणि रोजचे काम यांत अंतरच नव्हते. 1994 मध्ये त्याला तुरुंगवास झाला. कंपनी जितकी मोठी तितका तिचा प्रमुख सुरक्षित, असा या तत्त्वाचा व्यवहारातला अर्थ निघाला. पुढे 2007 मध्ये ब्रिटनने कंपनीच्या मनुष्यवधाचा वेगळा कायदा केला, पण त्याखाली शिक्षा फक्त संस्थेला होते. व्यक्तीवर त्या कायद्याने खटलाच भरता येत नाही. 2023 च्या आर्थिक गुन्ह्यांच्या कायद्याने एवढे केले की वरिष्ठ व्यवस्थापकाने केलेला आर्थिक गुन्हा कंपनीच्या माथी मारता येतो.

भारतात कंपनीच्या फौजदारी जबाबदारीचा पाया तीन निकालांनी घातला. स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या प्रकरणात 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितले की ज्या गुन्ह्याला तुरुंगवास अनिवार्य आहे त्यातूनही कंपनी सुटू शकत नाही. तुरुंगात घालता येत नसेल तर तिला दंड करावा. दुसरा निकाल पुण्यातल्या एका तक्रारीतून निघाला. उपग्रहांच्या जाळ्यावर चालणाऱ्या इरिडियम दूरध्वनी प्रकल्पाविषयी खोटी माहिती देऊन भारतीय गुंतवणूकदारांकडून पैसे घेतले, अशी फिर्याद इरिडियम इंडिया टेलिकॉमने मोटोरोलाविरुद्ध खडकीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाखल केली होती. कंपनीला फसवणुकीचा हेतू असूच शकत नाही, हा बचावाचा मुद्दा होता. मुंबई उच्च न्यायालयाने 2003 मध्ये कारवाई रद्द केली. ऑक्टोबर 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि कंपनी चालवणाऱ्यांचा हेतू हाच कंपनीचा हेतू धरता येतो, असे स्पष्ट केले.

तिसऱ्या निकालात न्यायालयाने उलटी वाट अडवली. 2002 मध्ये दूरसंचार कंपन्यांना जादा स्पेक्ट्रम दिल्याच्या प्रकरणात सीबीआयने आरोपपत्रात कंपन्यांना आरोपी केले होते. विशेष न्यायाधीशांनी मार्च 2013 मध्ये सुनील भारती मित्तल आणि रवी रुईया यांनाही समन्स काढले. हे कंपनीचे सर्वेसर्वा आहेत, म्हणून कंपनीचे कृत्य ते यांचे कृत्य, असा त्यामागचा विचार होता. 9 जानेवारी 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. माणसाचे मन कंपनीला चिकटवता येते, पण कंपनीचे मन माणसाला चिकटवता येत नाही. संचालकाला आरोपी करायचे तर त्याचा स्वतःचा सहभाग आणि हेतू दाखवणारा पुरावा हवा, नाहीतर कायद्यात तसे स्पष्ट कलम हवे. तर्क म्हणून हा निकाल बिनतोड आहे. फक्त पदामुळे कोणाला गुन्हेगार ठरवणे धोक्याचेच. पण यातून सगळा भार पुराव्यावर येतो, आणि मोठ्या कंपनीत असा पुरावा मिळणे किती कठीण असते हे फौजदारी खटले चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. माहिती खाली असते, अधिकार वर असतो. गळणारी झडप फिटरला दिसते. दुरुस्तीचा खर्च कापणाऱ्याला फक्त आकड्यांचा तक्ता दिसतो. दोघांपैकी कोणाच्याही मनात पूर्ण गुन्हा नसतो.

निकालात उल्लेखलेली ‘स्पष्ट कलमे’ भारतीय कायद्यांत भरपूर आहेत. जल प्रदूषण कायदा 1974, हवा प्रदूषण कायदा 1981, पर्यावरण संरक्षण कायदा 1986, औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, अन्नसुरक्षा कायदा 2006 अशा डझनावारी कायद्यांत ‘कंपन्यांनी केलेले गुन्हे’ नावाचे जवळजवळ एकाच साच्यातले कलम आढळते. गुन्हा घडला तेव्हा कंपनीच्या कारभाराची सूत्रे ज्याच्या हाती होती आणि त्या कारभाराबद्दल जो कंपनीला जबाबदार होता, तो दोषी धरला जातो. हे आपल्या नकळत घडले किंवा ते टाळण्यासाठी आपण सर्व योग्य काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. शिवाय ज्या संचालकाच्या किंवा व्यवस्थापकाच्या संमतीने, संगनमताने किंवा हलगर्जीपणाने गुन्हा झाला, तोही दोषी.

कागदावर हे हत्यार धारदार आहे. पण ते सर्वाधिक वापरले जाते ते न वटलेल्या धनादेशांसाठी. 1988 च्या दुरुस्तीने परक्राम्य संलेख अधिनियमात कलम 138 आणि 141 आले, तेव्हापासून या कलमाखालचे लाखो खटले देशभरातल्या दंडाधिकाऱ्यांपुढे साचले आहेत. त्यात कंपनीच्या सगळ्या संचालकांची नावे सरसकट घालण्याची प्रथा इतकी वाढली की सर्वोच्च न्यायालयाला 2005 मध्ये एसएमएस फार्मास्युटिकल्सच्या प्रकरणात लगाम घालावा लागला. व्यवस्थापकीय संचालक आणि धनादेशावर सही करणारा यांची जबाबदारी उघड आहे, पण बाकीच्या संचालकाचा कारभारात नेमका काय भाग होता हे फिर्यादीतच लिहिले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. काही हजारांच्या धनादेशासाठी संचालक तालुक्याच्या न्यायालयात उभा राहतो. माणसे मारणाऱ्या कारखान्याच्या संचालकाबाबत काय घडते, ते भोपाळने दाखवले.

2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइड इंडियाच्या भोपाळ कारखान्यातल्या 610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू शहरावर पसरला. सरकारने पुढे मान्य केलेला मृत्यूंचा आकडा 5,295 आहे. वाचलेल्यांच्या संघटना तो कितीतरी पटीने जास्त सांगतात. टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा त्याआधी काही महिन्यांपासून बंद होती. वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर त्या वेळी कामाचा नव्हता. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. यातली कुठलीच गोष्ट अचानक झालेली नव्हती. अमेरिकेतल्या मूळ कंपनीच्या अभियंत्यांनीच 1982 मध्ये कारखान्याची तपासणी करून धोके लेखी नोंदवले होते. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसले आहे, असा इशारा आपल्या छोट्या साप्ताहिकातून पुन्हापुन्हा दिला होता.

अमेरिकन कंपनीकडे भारतीय कंपनीचे 50.9 टक्के भाग होते. तिचे अध्यक्ष वॉरन अँडरसन 7 डिसेंबरला भोपाळला आले. त्यांना आणि भारतीय कंपनीचे अध्यक्ष, मुंबईचे उद्योगपती केशुब महिंद्र व व्यवस्थापकीय संचालक विजय गोखले यांना अटक झाली. अँडरसन यांना त्याच दिवशी 25,000 रुपयांच्या जामिनावर सोडून राज्य सरकारच्या विमानाने दिल्लीला पोहोचवण्यात आले, आणि ते देशाबाहेर गेले. पुन्हा ते भारतीय न्यायालयापुढे कधीच आले नाहीत. सीबीआयने 1 डिसेंबर 1987 रोजी नऊ व्यक्ती आणि तीन कंपन्यांवर आरोपपत्र ठेवले. फेब्रुवारी 1989 मध्ये 47 कोटी डॉलरची तडजोड झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कारवाईही संपवून टाकली होती. नुकसानभरपाईच्या बदल्यात खटला माफ, हा व्यवहार लोकांना सहन झाला नाही. पुनर्विलोकनात ऑक्टोबर 1991 मध्ये न्यायालयाने भरपाई तशीच ठेवली, पण फौजदारी खटला पुन्हा जिवंत केला. 1992 मध्ये अँडरसन फरारी घोषित झाले. प्रत्यार्पणाची विनंती भारताने रीतसर केली ती 2003 मध्ये, आणि अमेरिकेने ती फेटाळली.

भारतीय आरोपींवर सुरुवातीला भारतीय दंड संहितेच्या कलम 304 चा दुसरा भाग लावला होता. मृत्यू होण्याचा संभव आहे हे ठाऊक असताना केलेले कृत्य, म्हणजे सदोष मनुष्यवध, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत. 13 सप्टेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने हा आरोप काढून त्या जागी कलम 304-अ ठेवले. ते कलम निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूचे आहे आणि त्याची कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. पीठाचे म्हणणे असे होते की कारखाना सदोष होता असे मानले तरी त्या रात्री तो चालवल्याने माणसे मरतील हे या आरोपींना ठाऊक होते, असे दाखवणारा पुरावा समोर नाही. ‘ठाऊक असणे’ या एका अटीवर वीस हजार पानांचा खटलाही अडखळला असता, कारण आरोपी ज्या उंचीवर बसले होते तिथे पोहोचेपर्यंत धोक्याची माहिती अहवाल, शिफारस आणि खर्चकपातीचे टिपण होऊन जात होती. इतक्या माणसांच्या मृत्यूला रस्त्यावरच्या अपघाताचे कलम लागले. भारतीय फौजदारी कायद्याच्या इतिहासात याहून मोठा अन्याय क्वचितच झाला असेल.

7 जून 2010 रोजी, दुर्घटनेनंतर साडेपंचवीस वर्षांनी, भोपाळच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी सात हयात आरोपी, मृत्यू पावलेला एक आरोपी आणि भारतीय कंपनी यांना दोषी ठरवले. शिक्षा दोन वर्षे कैद आणि प्रत्येकी लाखभर रुपये दंड. त्याच दिवशी सर्वांना जामीन मिळाला. देशभर संताप उसळला, तेव्हा सीबीआयने 1996 चा निकाल बदलण्यासाठी उपचारात्मक याचिका केली. ती मे 2011 मध्ये फेटाळली गेली. चौदा वर्षे गप्प का बसलात याचे समाधानकारक उत्तर नाही, असे न्यायालयाने सीबीआयला सुनावले. शिवाय पुरावा नोंदवला जात असताना आरोप वाढवण्याचा अधिकार खालच्या न्यायालयाकडे होताच, याचीही आठवण करून दिली. अँडरसन 2014 मध्ये आणि महिंद्र 2023 मध्ये निवर्तले. दोघांनीही शिक्षा भोगली नाही.

महिंद्र यांच्या बाजूने मांडलेला मुद्दाही नीट समजून घेण्यासारखा आहे. ते बिगरकार्यकारी अध्यक्ष होते, रोजचा कारभार त्यांच्याकडे नव्हता, मंडळाच्या बैठकांना येणे एवढाच त्यांचा संबंध. पण नेमके याच जागी कायद्याने विचारायचा प्रश्न बदलतो. यांना काय ठाऊक होते, एवढेच विचारले तर उत्तर नेहमी ‘काही नाही’ असे येणार. यांच्या पदाला काय ठाऊक करून घेणे भाग होते, असे विचारले तर अध्यक्षपदाला वजन येते.

भोपाळनंतर संसदेने हाच बदल एका कायद्यात केला. 1987 मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे नवे प्रकरण आले आणि ‘भोगवटादार’, म्हणजे कारखान्यावर अंतिम नियंत्रण असलेली व्यक्ती, कोण याची व्याख्या कडक झाली. कारखाना कंपनीचा असेल तर तिचा एखादा संचालकच भोगवटादार मानला जाईल. जे. के. इंडस्ट्रीज प्रकरणात कंपन्यांनी याला आव्हान दिले. कारखान्यात खरोखर राबणाऱ्या व्यवस्थापकाला नेमून देण्याची मुभा असावी, असा त्यांचा आग्रह होता. सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. भोगवटादार संचालकच असेल, कारण सुरक्षेवर खर्च करण्याची सत्ता त्याच्याकडे आहे. हा निकालही 1996 चाच आहे. एकाच वर्षी एका पीठाने संचालकावर जबाबदारी पक्की केली आणि दुसऱ्याने भोपाळच्या संचालकांवरचा आरोप हलका केला.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाचा खटला भोपाळइतका मोठा नव्हता, पण त्याने एक महत्त्वाची गोष्ट शिकवली. 13 जून 1997 रोजी तिथे रोहित्राला लागलेल्या आगीच्या धुराने 59 प्रेक्षक गुदमरून मेले. बाल्कनीत जास्त खुर्च्या बसवण्यासाठी एक वाट बंद केलेली होती. सुशील आणि गोपाल अन्सल या मालक बंधूंनी, आपण घटनेच्या वेळी संचालक मंडळावर नव्हतो, असा बचाव घेतला. न्यायालयाने कागदावरची पदे बाजूला ठेवली आणि बँकेच्या धनादेशांवर कोणाच्या सह्या आहेत, खुर्च्यांचे निर्णय कोणी घेतले, ते पाहिले. प्रत्यक्ष ताबा यांचाच होता, असे ठरले. मात्र शिक्षेच्या बाबतीत खटला वळणे घेत गेला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये कैदेऐवजी प्रत्येकी 30 कोटी रुपये दंड ठेवला, फेब्रुवारी 2017 मध्ये गोपाल अन्सल यांना एक वर्षाची कैद दिली, आणि सुशील यांना वयामुळे सूट मिळाली. मुले गमावलेल्या आईवडिलांनी दोन दशके न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. न्यायालयातली कागदपत्रे फाडून नाहीशी केल्याचा वेगळा खटलाही त्यांच्याच चिकाटीने उभा राहिला आणि 2021 मध्ये अन्सल बंधू त्यात दोषी ठरले.

पैशांच्या गुन्ह्यांत पुरावा तुलनेने सोपा असतो, कारण खोटी नोंद कोणीतरी हाताने केलेली असते. सत्यम कंप्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी 7 जानेवारी 2009 रोजी संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्रात हिशेब फुगवल्याचे स्वतःच कबूल केले. ताळेबंदात दाखवलेले 5,040 कोटी रुपये बँकेत नव्हतेच. एप्रिल 2015 मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू यांच्यासह दहा जणांना सात वर्षांची कैद दिली. त्यात दोन लेखापरीक्षकही होते. महिन्याभरात अपील दाखल होऊन शिक्षा स्थगित झाली. या घोटाळ्याचा ठसा 2013 च्या कंपनी कायद्यावर उमटला. त्याच्या कलम 447 ने फसवणुकीला दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली, आणि सार्वजनिक हिताला धक्का असेल तर किमान तीन वर्षे. गंभीर घोटाळा तपास कार्यालयाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले.

महाराष्ट्राकडे याहून जुने आणि वेगळ्या धाटणीचे साधन आहे. ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा 1999 चा कायदा, म्हणजे ‘एमपीआयडी’, वित्तीय संस्थेच्या प्रवर्तक, संचालक, व्यवस्थापक अशा कारभाराला जबाबदार असलेल्या सर्वांना सहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करतो, आणि संस्थेची व या मंडळींची मालमत्ता जप्त करून ती ठेवीदारांसाठी वापरण्याची वाट उघडतो. 2013 मध्ये नॅशनल स्पॉट एक्स्चेंजमध्ये सुमारे 5,600 कोटी रुपये अडकले, तेव्हा या कायद्याखालची जप्ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि एप्रिल 2022 मध्ये कायम झाली. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. एका बांधकाम समूहाची थकीत कर्जे हजारो बनावट खात्यांआड लपवल्याचा आरोप झाला आणि आर्थिक गुन्हे शाखेने बँकेचे व्यवस्थापकीय संचालक, अध्यक्ष आणि त्या समूहाचे प्रवर्तक यांना काही दिवसांत अटक केली. अटक लवकर झाली, पण खटला लवकर संपला नाही. आपलीच ठेव काढायला रांगेत उभ्या राहिलेल्या मुंबईच्या उपनगरांतल्या निवृत्तांना कोणाच्या अटकेपेक्षा पैसे परत कधी, हाच प्रश्न होता. एमपीआयडीत शिक्षेबरोबर जप्ती आहे, म्हणून ठेवीदारांच्या दृष्टीने तो कंपनी कायद्याहून जास्त उपयोगी आहे.

अमेरिकेत दोन परस्परविरोधी प्रवाह दिसतात. अन्न आणि औषधांच्या बाबतीत तिथला कायदा विलक्षण कडक आहे. अ‍ॅक्मे मार्केट्स या किराणा साखळीचे अध्यक्ष जॉन पार्क यांच्या गोदामात उंदीर सापडले. कंपनीत 36,000 कर्मचारी होते आणि स्वच्छतेचे काम पार्क यांनी इतरांवर सोपवले होते. तरी 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा कायम केली. गैरप्रकार थांबवण्याची सत्ता पदाबरोबर येते आणि ती न वापरणे हाच गुन्हा. खबरदारी घेणे अशक्य होते, एवढाच बचाव उरतो. दंड जेमतेम 250 डॉलर होता, पण तत्त्व टिकले. याउलट पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकेच्या प्रकरणात हेतूच उघड होता. साल्मोनेला जंतू असल्याचे अहवाल असूनही शेंगदाण्याचा माल बाजारात गेला आणि नऊ जण दगावले. मालक स्ट्युअर्ट पार्नेल यांना 2015 मध्ये 28 वर्षांची कैद झाली. एन्रॉन या ऊर्जा कंपनीच्या दिवाळखोरीनंतर तिचे माजी प्रमुख जेफ्री स्किलिंग यांना 24 वर्षांची शिक्षा झाली, ती पुढे 14 वर्षांवर आली. 2002 च्या सार्बेन्स-ऑक्सले कायद्याने कंपनीप्रमुख आणि वित्तप्रमुख यांना हिशेबांवर स्वतः सही करून हमी देणे भाग पाडले. जाणूनबुजून खोटी हमी दिल्यास वीस वर्षांपर्यंत कैद आहे. ही सही फार मोलाची आहे, कारण मला ठाऊक नव्हते हे वाक्य ती आधीच खोडून काढते. एन्रॉनचे नाव महाराष्ट्राला दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे चांगले ठाऊक आहे, मात्र स्किलिंग यांची शिक्षा अमेरिकन गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल होती. दाभोळच्या महाग विजेबद्दल नव्हती.

दुसरा प्रवाह तडजोडीचा आहे. मोठ्या कंपनीने दंड भरायचा, सुधारणेचे वचन द्यायचे आणि सरकारने खटला लांबणीवर टाकायचा. बोइंगच्या 737 मॅक्स विमानांच्या दोन अपघातांत 346 माणसे गेली. जानेवारी 2021 मध्ये कंपनीने अडीच अब्ज डॉलरच्या अशा करारावर सही केली. व्यक्ती म्हणून खटला चालला तो एका माजी तांत्रिक वैमानिकावर, आणि तोही मार्च 2022 मध्ये निर्दोष सुटला. 2008 च्या आर्थिक संकटानंतरही वॉल स्ट्रीटवरच्या कोणत्याही बड्या बँकेचा प्रमुख तुरुंगात गेला नाही, तर छोट्या आइसलँडने आपल्या तीनही मोठ्या बँकांच्या प्रमुखांना शिक्षा केली. बड्या कंपनीवर खटला भरला तर ती बुडेल, निर्दोष कर्मचाऱ्यांची रोजी जाईल, ही भीती खरी आहे. पण त्या भीतीचे उत्तर व्यक्तीवर खटला भरणे हे आहे. त्याने कंपनी बुडत नाही. तडजोडीच्या पद्धतीत नेमका हाच भाग वगळला जातो.

भोपाळच्या प्रश्नाशी सर्वांत जवळचे प्रयोग इटली, जपान आणि दक्षिण कोरियात झाले. तूरिनच्या थिसेनक्रुप पोलाद कारखान्यात डिसेंबर 2007 मध्ये सात कामगार जळून मेले. कारखाना लवकरच बंद करायचा म्हणून अग्निसुरक्षेवरचा खर्च पुढे ढकललेला होता. खालच्या न्यायालयाने 2011 मध्ये कंपनीप्रमुखाला जाणूनबुजून केलेल्या मनुष्यवधासाठी साडेसोळा वर्षांची शिक्षा दिली. वरच्या न्यायालयांनी आरोप निष्काळजीपणावर आणला, तरी शेवटी साडेनऊ वर्षांहून जास्त कैद राहिली. म्हणजे आरोप हलका होऊनही शिक्षा गंभीर राहू शकते, फक्त कायद्यात तेवढी जागा हवी. जपानमध्ये फुकुशिमाच्या टेप्को कंपनीकडे 15.7 मीटर उंचीची त्सुनामी येऊ शकते असा अंदाज 2008 पासून होता. सरकारी वकिलांनी खटला भरायला नकार दिला, तेव्हा नागरिकांच्या समितीने तीन माजी अधिकाऱ्यांवर तो भरायला लावला. 2019 मध्ये ते सुटले आणि मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुटका कायम केली. तो अंदाज कृती करण्याइतका विश्वसनीय होता हे सिद्ध झाले नाही, असे कारण दिले गेले.

कोरियाने प्रश्नाची मांडणीच बदलली. 2018 मध्ये तेआन औष्णिक वीजकेंद्रात एक तरुण कंत्राटी कामगार एकटाच रात्रपाळीला असताना पट्ट्यात अडकून मेला, आणि त्याच्या आईने आंदोलन उभारले. त्यातून आलेला गंभीर अपघात शिक्षा कायदा 27 जानेवारी 2022 पासून लागू झाला. तो कंपनीप्रमुखाला, हा अपघात होईल हे तुला ठाऊक होते का, असे विचारत नाही. सुरक्षेसाठी माणसे नेमलीस का, पैसे ठेवलेस का, धोके तपासण्याची पद्धत लावलीस का, कंत्राटी कामगारांना त्यात धरलेस का, हे विचारतो. हे केले नसेल आणि कामगार मेला असेल तर किमान एक वर्ष कैद किंवा दंड. उद्योगसंघटनांनी कडाडून विरोध केला आणि अनेक खटल्यांत शिक्षा स्थगितही होतात. तरी त्या देशात सुरक्षा हा विषय कारखान्याच्या फाटकातून संचालकांच्या बैठकीत गेला.

या कडकपणाविरुद्धचे आक्षेप निराधार नाहीत. भारतात अटक हीच अनेकदा शिक्षा बनते. व्यावसायिक वादात दबाव आणण्यासाठी फौजदारी फिर्याद वापरली जाते. प्रत्येक छोट्या चुकीला कैद ठेवल्याने निरीक्षकाच्या हाती लाच मागण्याचे साधन येते. चांगली माणसे स्वतंत्र संचालक व्हायला कचरतात. कंपनी कायद्याच्या कलम 149(12) ने त्यांची जबाबदारी मंडळापुढे आलेल्या माहितीपुरती आणि त्यांच्या संमतीपुरती किंवा हलगर्जीपणापुरती मर्यादित ठेवली. मार्च 2020 मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयानेही त्यांना विनाकारण आरोपी करू नये असे परिपत्रक काढले. हे योग्यच झाले. वार्षिक विवरणपत्र उशिरा भरल्याबद्दल तुरुंगाची धमकी कोणाच्याच उपयोगाची नव्हती, आणि 2019 व 2020 च्या दुरुस्त्यांनी तसल्या तरतुदी काढल्या.

मात्र 2023 च्या जनविश्वास कायद्याने 42 कायद्यांतल्या 183 तरतुदी सौम्य करताना पर्यावरण संरक्षण कायद्यालाही हात लावला. भोपाळनंतर दीड वर्षाच्या आत संसदेने केलेल्या या कायद्यात उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैद होती. एप्रिल 2024 पासून तिथे दहा हजार ते पंधरा लाख रुपये शास्ती आली. कैद उरली ती शास्ती न भरणाऱ्याला. विवरणपत्र उशिरा भरणे आणि नदीत विष सोडणे यांना एकाच तराजूत घालणे चूक आहे. पंधरा लाख रुपये मोठ्या रसायन कंपनीच्या हिशेबात खर्चाची एक ओळ ठरतात.

त्याच सुमाराला भारतीय न्याय संहितेने दुसऱ्या टोकाकडून थोडी भरपाई केली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या कलम 106 नुसार निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूची कमाल शिक्षा दोनवरून पाच वर्षांवर गेली. मृतांची संख्या कितीही असली तरी कमाल तीच आहे. कारखान्यांसाठीची व्यावसायिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये अंमलात आली. कर्तव्यात कसूर झाल्याने कामगाराचा मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तिची तरतूद आहे, आणि दंडाची किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. कंपनीच्या कारखान्याचा भोगवटादार संचालकच असेल, ही 1987 ची व्याख्या संहितेने कायम ठेवली आहे, फक्त स्वतंत्र संचालकांना त्यातून वगळले आहे. सुरक्षेच्या खर्चावर सही करणाऱ्या संचालकाचे नाव यापुढेही कारखान्याच्या नोंदीत असेल. कैद की दंड, याची निवड मात्र संहितेने न्यायालयावर सोडली आहे.